जहागीरदारांची मान

या कार्यालयात आजवर माझा जितका अपमान झाला, तो सर्व एका टेबलफॅनला उद्देशून झालेला आहे, आणि हीच माझी मुख्य तक्रार आहे. एखाद्या माणसाने माझ्या तोंडावर काही बोलावे. मी त्याला लेखी उत्तर देईन, प्रत वरिष्ठांना पाठवीन, पोच घेईन आणि शांतपणे जेवायला बसेन. आयुष्यभर मी हेच करत आलो आहे. परंतु ज्ञानोबा देवकते माझ्याशी बोलतच नसत. ते पंख्याशी बोलत. मी तिथे फक्त बसलेला असे.

वाचकांना आधी स्थळ सांगणे योग्य होईल. तेलगावच्या रस्त्याला एक जिनिंग मिल आहे. कापूस आत येतो, सरकी निराळी होते, रुईच्या गाठी बाहेर पडतात. न्यायालयातून नाझर या पदावरून निवृत्त झाल्यानंतर मिलचे करारमदार आणि कज्जे पाहण्यासाठी मी तिथे लागलो. माझ्या हुद्द्याला शोभेल अशी खोली नसल्याने माझे टेबल ‘तात्पुरते’ वजनकाट्याच्या केबिनमध्ये ठेवण्यात आले. तात्पुरते म्हणजे किती, हे मी अनेक पत्रांतून विचारले आहे. उत्तर यायचे आहे.

केबिनमध्ये आम्ही तिघे. काट्याचे मुकादम ज्ञानोबा, संगणकावर पावत्या काढणारा शकील, आणि मी. चौथा तो पंखा. त्याची जाळी पुढच्या बाजूने गेलेली, पाती एके काळी हिरवी असावीत. पाठीवरची खुंटी दाबली की त्याची मान फिरू लागे. डावीकडे दार, मध्ये शकील, उजव्या टोकाला मी. उजव्या टोकाला पोचला की तो ‘टक्’ असा आवाज करून क्षणभर थांबे आणि मग परत फिरे. हे थांबणे यंत्रातील दोषामुळे होते असे शकीलचे म्हणणे. माझे मत मी राखून ठेवले होते.

या पंख्याला ज्ञानोबा ‘जहागीरदार’ म्हणत. कारण विचारले तेव्हा ते पंख्यालाच म्हणाले, “बसल्या जागी मान फिरवून समद्यांकडं बघायचं, दुसरं काम न्हाई. मग जहागीरदारच की न्हाई?” पंख्याने दोन्हीकडे मान हलवली. ज्ञानोबा समाधानाने हसले. पंख्याच्या प्रत्येक नकारावर ते असेच हसत.

माणूस दिसायला भारदस्त. पांढऱ्या मिशा, डोक्याला पटका, आणि बारा महिने खांद्यावर घोंगडीची घडी. आवाज असा, की केबिनमध्ये ते पुटपुटले तरी रस्त्यापलीकडच्या चहावाल्याला कळे. पंख्याशी बोलायचे म्हणून ते ऐन थंडीतही पंखा चालू ठेवीत. त्या काळात मी मफलर बांधून कामकाज केले असून त्याबाबतचा पत्रव्यवहार उपलब्ध आहे.

आता या बोलण्याचा नमुना. मी एका व्यापाऱ्याला करारभंगाची नोटीस लिहीत होतो. जरा सविस्तर लिहीत होतो. ज्ञानोबा पंख्यापुढे बसले आणि म्हणाले, “जहागीरदार, एका कागदानं भागतंय तिथं कशापायी दहा कागद काळे करायचे? समोरचा वाचून घाबरत न्हाई, झोपतो.”

मी लेखणी खाली ठेवली. “ज्ञानोबा, हे आपण मला उद्देशून बोललात काय?”

“आमी कुणाला बोलत न्हाई, नाझरसाहेब,” ते अत्यंत सौम्यपणे म्हणाले. “आमी जहागीरदारांना बोललो.”

कायद्याच्या दृष्टीने मी पुरता अडकलो. मानहानी व्हायला मान असलेली व्यक्ती लागते. पंख्याला मान होती, पण तो व्यक्ती नव्हता. मी व्यक्ती होतो, पण बोलणे मला नव्हते. मग मी निरीक्षण सुरू केले. बोलण्याच्या क्षणी पंख्याचे तोंड ज्याच्याकडे, त्याला ते बोलणे लागू, असा एक नियम मी मांडून पाहिला. तो टिकला नाही, कारण ज्ञानोबांचे एकेक वाक्य असे लांबलचक, की ते दारात सुरू होई, शकीलवरून जाई आणि माझ्यापाशी ‘टक्’ करून थांबे. एकाच वाक्याचे तीन प्रतिवादी कसे करायचे?

एकदा तर भलतेच झाले. ज्ञानोबा म्हणत होते, “जहागीरदार, गुपचूप चूक करायची आन वर साळसूद तोंड करून बसायचं, ही रीत न्हाई.” तेवढ्यात वीज गेली. पंखा हळूहळू थांबला, तो नेमका शकीलकडे तोंड करून. शकीलने थोडा वेळ पंख्याकडे पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला.

“मुकादम, माझ्याच हातून झालं ते,” तो म्हणाला. “एका ट्रॉलीची पावती दोनदा निघाली. मला वाटलं कुणाच्या ध्यानात नाही आलं.”

ज्ञानोबा चकित झाले. “अरे लेका, मी चहावाल्याचं बोलत हुतो. त्यानं दुधात पाणी घातलंय.”

या बोलण्याने कामे होत, हे मला नाकारता येत नाही. पण कशी होत ते अजून कळलेले नाही. थंडीच्या दिवसांत चौसाळ्याच्या एका बागायतदाराची ट्रॉली काट्यावर आली. वजन वाढावे म्हणून कापसावर पाणी मारलेले होते. माझ्या मते फसवणूक उघड होती आणि मी कोरा कागद पुढे ओढलाही. ज्ञानोबांनी ट्रॉलीत हात घातला, तो धोतराला पुसला, आत आले आणि पंख्याला म्हणाले, “जहागीरदार, औंदाची थंडी लई नवलाची. कापसाला घाम सुटला.”

पंख्याने मान हलवली. बागायतदार दारात उभा होता. तो आधी कावराबावरा झाला, मग ओशाळून हसला. “वाळवून आणतो, मुकादम.”

“आमी तुमाला काय बोललो का?”

“न्हाई की.”

“मग चहा घेऊन जा.”

पंचनामा नाही, जबाब नाही. माझा कागद कोराच राहिला.

ही पद्धत त्यांच्याकडे कुठून आली, ते शकीलने मला सांगितले. ज्ञानोबांचे घर लिंबागणेशच्या बाजूचे, धनगराचे. लहानपण मेंढरांमागे गेले. त्यांचा बाप तळावर कुणाही माणसाला रागे भरत नसे. कुत्र्याला रागे भरे. सुनेने कालवणात मीठ जास्त घातले की म्हातारा कुत्र्याला म्हणायचा, “मोत्या, आज समुद्र प्यायलास का रे?” सून समजायची, कुत्रा शेपूट हलवायचा, आणि रात्री तिघेही जेवून झोपायचे. माणसाला तोंडावर बोलले की ते मोडते, असे म्हाताऱ्याचे मत. मिलमध्ये कुत्रे पाळायला परवानगी नाही, म्हणून पंखा.

शकीलने आणखी एक सांगितले. ज्ञानोबांची एकुलती मुलगी पुण्याला शिकायला गेली आणि तिथे स्वतःच्या मनाने लग्न करून राहिली. भावकी जमली, आणि देवापुढे भंडारा उचलून ज्ञानोबांनी शपथ घेतली, की या मुलीशी पुन्हा एक शब्द बोलणार नाही. बायको आधीच गेलेली. घरात आता ते आणि त्यांची विधवा थोरली बहीण. “बाबूजी, भंडारा उचलला म्हणजे विषय संपला,” शकील म्हणाला. “मोडत नाहीत ते लोक.” खरे सांगायचे तर ज्ञानोबांविषयी मला पहिल्यांदा आदर वाटला तो तेव्हा. शपथेवर खोटे बोलणारे इतके पाहिले आहेत, की शपथ पाळणारा माणूस भेटला की मी त्याचे बाकीचे दोष अर्धे माफ करतो.

अर्धेच. कारण त्यानंतर थोड्याच दिवसांनी भाकरीचे प्रकरण घडले. माझी पत्नी मुलाकडे गेली होती आणि दुपारच्या वेळी मी चहा-बिस्किटांवर काम भागवीत होतो. ज्ञानोबा पंख्याला म्हणाले, “जहागीरदार, घरात करणारं कुणी न्हाई म्हणून माणसानं खायाचंच सोडायचं का? तोंड बघा कसं वाळल्या वांग्यासारखं झालंय.” टक्. मी तत्काळ ‘खासगी बाबींत हस्तक्षेप’ या विषयावर पत्र लिहायला घेतले. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर फडक्यात बांधलेल्या दोन भाकऱ्या आणि ठेचा होता. “जहागीरदार, बहिणीनं भाकरी जास्तीच्या केल्या. टाकून द्यायच्या का आता?” ज्ञानोबा पंख्याला विचारत होते. माझे सर्व हक्क अबाधित ठेवून मी त्या भाकऱ्या खाल्ल्या. पुढे रोज खाल्ल्या. पत्र मात्र पाठवले, कारण ते लिहून झाले होते.

पण खरा संशय निर्माण झाला तो बाजाराच्या दिवसांमुळे. आठवडी बाजाराच्या दुपारी काट्यावर गाड्या नसतात. शकील बाजारात जाई, मी समोरच्या दप्तरखोलीत फायली लावी. तिथल्या जाळीतून मला केबिन दिसे. दर बाजाराच्या दिवशी ज्ञानोबा आपला मोबाइल पंख्यासमोर टेबलावर ठेवीत, एकदा कुठेतरी दाबीत आणि पंख्याशी गप्पा मारीत. मोबाइलचे मला काही ऐकू येत नसे; त्यांचा आवाज मात्र अंगणभर येई.

“जहागीरदार, म्हस व्याली. रेडकू हाय.”

“जहागीरदार, बांधावरली चिंच औंदा लई लागली. खाणारं कोण हाय म्हणा.”

मी यावर बराच विचार केला. म्हैस आणि चिंच हे वरवरचे बोलणे. मोबाइल समोर ठेवला आहे त्या अर्थी ध्वनिमुद्रण चालू आहे. आणि उद्या तो मोबाइल मी बसलेला असतानाही तसाच ठेवला गेला तर? माझ्याविरुद्ध पुरावा गोळा केला जात असल्याची शक्यता मी व्यवस्थापकांना कलमवार कळवली. सोबत आधीच्या सर्व पत्रांच्या प्रती जोडल्या.

व्यवस्थापक तरुण आहेत. जाडजूड पाकीट हातात घेऊन ते माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी सूचनाफलकावर परिपत्रक लावले: कार्यालयात सौजन्याने आणि आदराने बोलावे, जे बोलायचे ते संबंधित व्यक्तीशी थेट बोलावे. भाषा चांगली होती. दोन वाक्ये माझ्या पत्रातील होती. शिवाय त्यांनी छत्रपती संभाजीनगरहून एक प्रशिक्षक बोलावले.

प्रशिक्षकांनी आम्हाला रुईच्या गाठींवर समोरासमोर बसवले. समोरच्याच्या डोळ्यांत पाहायचे, नाव घ्यायचे आणि त्याची खटकणारी एक गोष्ट शांतपणे सांगायची. माझ्यासमोर ज्ञानोबा आले. मी तयारीने गेलो होतो. खिशात मुद्दे होते. एकदाचे त्यांनी मला उद्देशून काही बोलावे, एवढेच मला हवे होते.

ज्ञानोबांनी माझ्या डोळ्यांत पाहिले. घोंगडी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. कपाळाला घाम आला. संपूर्ण मिल आमच्याकडे बघत होती.

“नाझरसाहेब,” ते अखेर म्हणाले, “पाणी पिता का?”

“उत्तम,” प्रशिक्षक म्हणाले, आणि टाळ्या वाजल्या. मुद्दे माझ्या खिशातच राहिले. कुणी विचारल्यास मी आजही दाखवू शकतो.

दुसऱ्या दिवशी पंखा गोदामात गेला. ज्ञानोबांना समज देण्यात आली, की यापुढे निर्जीव वस्तूंशी संभाषण करताना आढळल्यास काट्यावरून काढून फाटकावर बसवण्यात येईल. छताला नवा पंखा लागला. माझ्या पत्रव्यवहाराला इतके निर्विवाद यश क्वचितच लाभले असेल, आणि मी मफलर घरी ठेवून आलो.

त्यानंतर जे सुरू झाले त्याला काय म्हणावे ते मला ठरवता येत नाही. ज्ञानोबा गप्प झाले. केबिनमध्ये कुणीही कुणाचा अपमान करेना, आणि तरीही बसवेना. भाकरी रोज टेबलावर येत होती, पण तिच्याविषयी कुणी काही बोलत नव्हते. त्यामुळे ती घ्यावी की नाही याबाबत मी रोज नव्याने संभ्रमात पडे.

शकीलने एकदा सुचवले, “मुकादम, वरचा पंखा आहे की. हळूच बोला.”

ज्ञानोबांनी वर पाहिले. “त्यो गरगर फिरतो. कुणाकडंच बघत न्हाई.”

“मग कपाटाशी बोला.”

“कपाटाला मान कुठं हाय? मान हलवल्याबिगर ऐकलं का न्हाई, कसं कळायचं?”

पुढे चौसाळ्याचा तोच बागायतदार पुन्हा आला. कापूस पुन्हा ओला. या वेळी ज्ञानोबा परिपत्रकाप्रमाणे बाहेर गेले, त्याच्या डोळ्यांत पाहिले आणि थेट म्हणाले, “तुमचा कापूस ओला हाय. पाणी मारलंय तुमी.”

“मला चोर म्हणतो का बे?” बागायतदार ट्रॉलीवरून खाली उतरला. “चार माणसांत? माझ्या तोंडावर?”

“तोंडावरच बोला म्हणून सांगितलंय वरून,” ज्ञानोबा म्हणाले.

मग गचांडी धरली गेली, पटका खाली पडला, ट्रॅक्टरची रांग रस्त्यापर्यंत गेली. व्यवस्थापक धावत आले. असे पुन्हा घडले तर फाटकच, असे त्यांनी सर्वांदेखत सुनावले. सौजन्याने सुनावले, हे मी नमूद करतो. ज्ञानोबांनी पटका झटकला, आत येऊन बसले आणि गोदामाच्या दिशेने बघत राहिले. नियम पाळला गेला होता आणि भांडण झाले होते. पूर्वी नियमच नव्हता आणि चहा झाला होता. यातली चूक कोणत्या कलमात बसवावी ते मला सापडले नाही.

नंतरच्या बाजाराच्या दिवशी दप्तरखोलीला चुना लावायचे काम चालू असल्याने मी केबिनमध्येच होतो. शकील बाजारात गेला होता. दुपारी ज्ञानोबांचा मोबाइल वाजला. त्यांनी तो उचलला नाही. तो वाजून थांबला आणि पुन्हा वाजू लागला.

“घ्या की,” मी म्हणालो.

त्यांनी तो पुढ्यात ठेवला, पूर्वी ठेवत तसाच, आणि दाबला. केबिनमध्ये एका मुलीचा आवाज आला.

“आबा?”

ज्ञानोबांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली.

“आबा, आत्या म्हणली, तुमालाच विचार. डॉक्टर म्हणतात, प्रवास करायचा तर याच आठवड्यात करा, पुढं जमणार नाही. सासूबाई म्हणतात, इथंच करू बाळंतपण. मी येऊ का?”

ज्ञानोबांनी वर पाहिले. छताचा पंखा गरगरत होता. त्यांनी कपाटाकडे पाहिले.

“आबा, पंख्याचा आवाज येईना,” मुलगी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला. “मागच्या बाजारांना पण फोन उचलला नाही. जहागीरदार कुठं गेले?”

तेव्हा मला सगळे एकदम समजले, आणि कायद्याचा माणूस म्हणून मी मनातल्या मनात थक्क झालो. भंडारा उचलून घेतलेली शपथ मुलीशी न बोलण्याची होती. पंख्याशी बोलण्याला कोणतीही बंदी नव्हती. ऐकायला तिलाही नव्हती. इतकी निर्दोष तजवीज मी एखाद्या वकिलाच्या हातूनही झालेली पाहिलेली नाही. पण पंखा गोदामात गेल्याने ती मोडली होती, आणि आता दोनच वाटा होत्या: या माणसाने शपथ तरी मोडायची, किंवा त्या मुलीने माहेर नाही असे समजून फोन तरी ठेवायचा.

“ठेवू का मग?” मुलीने विचारले.

ज्ञानोबा वळले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले. गाठींवर बसून पाहिले होते तसे नव्हे.

“जहागीरदार,” ते मला म्हणाले.

मी उठण्याच्या बेतात होतो. मी कुणाचाही जहागीरदार नाही, आणि मला नाव व हुद्दा दोन्ही आहेत. पण त्यांनी मोबाइल माझ्या पुढ्यात सरकवला, म्हणून माझी हरकत मी तूर्त राखून ठेवली.

“जहागीरदार,” ते पुन्हा म्हणाले, आणि आता आवाज अंगणभर गेला, “पहिलं बाळंतपण माहेरालाच व्हतं. त्यात इचारायचं काय हाय? खोली सारवून ठिवलीय. म्हस दूध देतीय. चिंच तर झाडाखाली पडून चाललीय सारी. लई राग हाय माझ्या मनात, न्हाई असं न्हाई. पण राग हाय म्हणून काय घर दुसऱ्याचं झालं का?”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

“जहागीरदार,” ती मुलगी मला म्हणाली, “त्यांना सांगा, मी शुक्रवारी येते. स्टँडवर कुणी नाही आलं तरी चालेल.”

दोघेही थांबले. ज्ञानोबा माझ्याकडे बघत होते. मला या प्रकरणात नेमके कोणत्या नात्याने समाविष्ट करण्यात आले होते, पक्षकार, साक्षीदार की मुद्देमाल, हे तेव्हाही मला कळले नाही आणि आजही कळलेले नाही. काही बोलावे तर पंखा बोलत नसतो. गप्प राहावे तर बोलणे ऐकले की नाही, हे त्या माणसाला कळणार कसे?

मी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग पाठ ताठ केली आणि मान हळूहळू दाराकडे नेली, तिथून शकीलच्या रिकाम्या खुर्चीवरून उजवीकडे आणली, आणि त्या टोकाला पोचल्यावर क्षणभर थांबलो.